चोरकडं

दर सोमवारी सकाळी शंभरकर आमच्या विभागातलं भिंतीवरचं चालतं घड्याळ मुद्दाम थांबवत. मग त्याला चावी देत. चावी दिल्यावर लंबकाला बोटानं अगदी हलकासा धक्का देऊन हात मागे घेत आणि बघत उभे राहत. लंबक आठदहा वेळा हेलकावून थांबे. मग ते थोडा मोठा धक्का देत. लंबक पुन्हा थांबे. तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी घड्याळ धरे आणि टिकटिक सुरू होई. मग काचेचं दार लावून, चावी सदऱ्याच्या खिशात टाकून ते आपल्या टेबलाशी जाऊन बसत.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी गणित विभागात संशोधक विद्यार्थी म्हणून नवा होतो. पहिल्याच सोमवारी मी त्यांना म्हणालो, "एकदाच जोरात ढकला ना. चार वेळा कशाला?"

त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "जोरात ढकललं तं चालनच. ते कोणालेही माहीत हाय. हळू ढकललं तं थांबते, जोरात ढकललं तं चालते. मंग मधात काही तं असन नं गा?"

मी हसलो. मधात नेमकं काय असतं, हे त्यांनी पुढे दोन वर्षांनी मला आकड्यांत काढून दाखवलं आणि मी ते लपवलं. हे लिहितो आहे ते त्यासाठी.

सुखदेव शंभरकर आमच्या विभागात 'कॉम्प्युटर' होते. आज हा शब्द वाचणाऱ्याला यंत्र दिसेल. तेव्हा ते एका पदाचं नाव होतं. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर 'कॉम्प्युटर, तात्पुरता' असं लिहिलेलं होतं. प्राध्यापकांना आणि आमच्यासारख्यांना लागणारी लांबलचक गणितं हातानं फिरवायच्या यंत्रावर करून द्यायची, हे त्यांचं काम. यंत्र लोखंडी, टाइपरायटरपेक्षा थोडं लहान, बाजूला दांडा. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लागत, पंखा गरगरायला लागे आणि शंभरकरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून कन्हान नदीच्या वाळूतून आणलेले सहा गोटे मांडले जात. प्रत्येक गोट्याखाली एक काम. कुठल्या गोट्याखाली कुणाचं गणित आहे ते फक्त त्यांना माहीत.

ते माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. शहरातल्याच इंदोरा वस्तीतून सायकलनं येत. वडील कापडगिरणीत होते. बी.एस्सी. झाल्यावर पुढे शिकायचं राहून गेलेलं. छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी ते वडिलांबरोबर मैदानावर होते. आम्ही भोसल्यांच्या काळापासून नागपुरात कारकुनी करत आलेल्या घरातले. माझं आडनाव सुभेदार. विभागात त्यांना सगळे नुसतं 'शंभरकर' म्हणत आणि ते मला, मी वयानं एवढा लहान असून, 'सुभेदारजी' म्हणत. यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही.

त्यांचा एक नियम होता. आकडा चुकला तर खोडरबर वापरायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर बरोबर आकडा लिहायचा. शेजारी सही, सहीखाली तारीख.

"खोडाचं नाही, कापाचं," ते म्हणत. "खोडलं तं चूक झालीच नव्हती असं वाटते. कापलं तं चूकबी दिसते, आन् कोणी कवा सुधारली तेबी दिसते."

एकदा घाईत होतो तेव्हा मी चिडून म्हणालो, "सही समजली. तारखेची काय गरज?"

त्यांनी दांडा थांबवला. "माह्या बापानं जुनं सारं कापलं आन् वर नवं लिवलं. त्याची तारीख आमच्या घरातल्या लेकरालेबी पाठ हाय. बिना तारखेचं दुरुस्त, ते कवाचं समजाव?"

विभागातल्या मंडळींना चेष्टा करायला हा नियम पुरे होता. चहाच्या वेळी एक अधिव्याख्याते म्हणाले, "शंभरकर, आडनावात पुरे शंभर असताना तुम्हाला चार चार दशांश स्थळं कशाला हो लागतात?"

"आडनाव बापानं देलं जी," शंभरकर बशीत चहा ओतत म्हणाले. "दशांश मी कमावले."

सगळे हसले. तेही हसले. मग बशी धुऊन जागेवर ठेवून ते यंत्राशी गेले.

माझ्या प्रबंधाचा विषय कुणाला समजावून सांगायचा झाला तर मी अजूनही त्यांचं घड्याळच वापरतो. लंबक कुठे आहे आणि किती वेगानं चालला आहे, हे दोन आकडे घेतले की कागदावर एक बिंदू मिळतो. लंबक हलतो तसा बिंदू कागदावर फिरतो. घड्याळ नीट चालत असेल तर तो त्याच त्या वाटेनं पुन्हा पुन्हा जातो आणि कागदावर बांगडीसारखं एक बंद कडं तयार होतं. लंबकाला जास्त जोरात ढकललं तर बिंदू बाहेरून गिरक्या घेत त्या कड्यावर येतो. माझी समीकरणं घड्याळाची नव्हती, पण त्याच जातीची होती. त्यांत एक आकडा असा होता की तो आपण कमीजास्त करू शकतो. पुस्तकी भाषेत त्याला प्राचल म्हणतात. शंभरकर त्याला 'चावी' म्हणत. चावी बदलत नेली की कडं वाढतं, आकसतं की नाहीसं होतं, हे मला सांगायचं होतं. माझा सिद्धांत असा होता की चावीच्या एका ठरावीक पट्ट्यात कडं एकच असतं आणि मधला स्थिर बिंदू सोडला तर कागदावरचा कुठलाही बिंदू शेवटी त्या कड्यावरच येतो. सिद्धता मी लिहिली होती. विभागप्रमुखांनी, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणत असू, ती तपासली होती. शंभरकरांनी फक्त चारदोन बिंदू घेऊन, त्यांना पावलापावलानं पुढे नेऊन, एक तक्ता करून द्यायचा होता. शोभेपुरता.

प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. एका दुपारी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं आणि एक गोटा उचलून त्याखालचा कागद पुढे केला.

"हा बिंदू कड्यावर येत नाही जी. मधात जाऊन बसते."

"कुठला?"

"शून्य पॉइंट सहापासून सोडला तो. आठवाला बरोबर जाते कड्यावर. सहावाला मरते."

"चूक असेल कुठे तरी."

"तीनदा केलं."

मी कागदावरून नजर फिरवली. एका ठिकाणी कापलेला आकडा होता, सही, तारीख. "हे बघा, इथे चुकलं आहेच की."

"चुकलं होतं म्हणून तं कापलं. आता बरोबर हाय. बसा जरा."

मी बसलो. त्यांनी दुसऱ्या गोट्याखालचा कागद काढला. "आठवाला भाईर जाते, सहावाला आत जाते. म्हणजे मधात एक कडं हाय. चोरकडं. त्याच्यापाशी कोणी थांबत नाही, सारे त्याच्यापासून दूर पळतात. म्हणून पुढं पुढं चालून ते कधीच दिसत नाही. मंग मी दांडा उलटा फिरवला."

त्यांनी वेळच उलटी चालवली होती. प्रत्येक पाऊल पुढे टाकण्याऐवजी मागे. पुढे जाताना ज्याच्यापासून बिंदू दूर पळतो, मागे जाताना तो त्याच्याच जवळ येतो. सहावाला बाहेर सरकत आणि आठवाला आत सरकत, दोन्ही एकाच कड्यावर येऊन टेकले होते. सुमारे शून्य पॉइंट एकाहत्तर. चार दिवसांचं काम, बारीक निळ्या आकड्यांत, पानाच्या दोन्ही बाजूंना.

"आन् चावी कमी करत नेली नं," ते म्हणाले, "तं चोरकडं फुगते आन् मोठं कडं आकसते. जवळ जवळ येऊन राहिले दोघं. एका ठिकाणी भेटतात, आन् भेटले का दोघंबी खतम. मंग कुठूनबी सोडा, थांबतेच." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "याले पाहा. चावी उतरली तं लंबक लहान लहान होत शून्यावर येत नाही. एका मापापर्यंत लहान होते, आन् मंग एकदम सोडून देते. मी किती दिवसांचा पाहून राहिलो. म्हणून तं म्हणतो, मधात काही तं असन."

मी घड्याळाकडे पाहिलं. मला सगळं समजलं होतं. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तेव्हा नीट समजलं नव्हतं. माझ्या सिद्धतेतली कुठली पायरी लंगडी आहे तेही मला तिथे बसल्या बसल्या दिसलं. सिद्धांत गेला तर प्रबंध गेला. आणखी दोन वर्षं गेली. विभागात अधिव्याख्यात्याची एक जागा निघणार होती, तीही गेली.

"ही ओळ तक्त्यातून काढून टाका," मी म्हणालो.

"कापू?"

"कापू नका. नव्या कागदावर तक्ता करा, ही ओळ सोडून."

"ते होणार नाही जी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "चुकीचं असन तं कापतो. बरोबर हाय ते कसं काढू?"

मी उलट्या गणिताचा कागद उचलला. "हा घरी नेऊन बघतो."

"पाहा. पण हरवू नका. त्याची दुसरी प्रत नाही."

घरी मी तो कागद ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पाहिलं?" मी म्हणालो, बघतो आहे. तिसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी विचारणं सोडलं. त्यांना वाटलं असावं की मी खरंच बघतो आहे. त्यांचा तक्ता टायपिस्टकडे गेला तो त्या ओळीसकट. मी त्या पानाच्या तळाला इंग्रजीत एक टीप घातली. तिचा अर्थ असा होता: या ओळीतली विसंगती गणनेतल्या चुकीमुळे आहे. टंकित होऊन आली तेव्हा ती अगदी निरुपद्रवी दिसत होती.

तोंडी परीक्षेला कलकत्त्याहून परीक्षक आले. कृश, हळू बोलणारे गृहस्थ. विभागाच्या मोठ्या खोलीत, त्याच घड्याळाखाली आम्ही तिघं बसलो होतो. तासभर सगळं सुरळीत चाललं. मग परीक्षकांनी त्या पानावर बोट ठेवलं.

"ही चूक कुणाची?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"आमच्या कॉम्प्युटरची."

"पुन्हा करून पाहिलं नाही?"

तेवढ्यात मोठ्या सरांनी घंटी वाजवली आणि चपराशाला शंभरकरांना बोलवायला सांगितलं.

ते आले आणि दाराशी उभे राहिले. एक खुर्ची रिकामी होती. बसा, असं कुणी म्हणालं नाही. मोठ्या सरांनी पान त्यांच्यापुढे धरलं. "शंभरकर, ही ओळ तुम्ही केली?"

"हो, सर."

"यात चूक आहे असं सुभेदार म्हणतात."

शंभरकरांनी टीप वाचली. ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. एकच ओळ होती, पण त्यांना वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. आता मी बोलेन, म्हणून ते थांबले होते. मी माझ्या बुटांकडे पाहत राहिलो. वर टिकटिक चालू होती.

"ओळ बरोबर आहे, सर," ते म्हणाले. मोठ्या सरांपुढे ते पुस्तकी मराठी बोलत, एकेक शब्द आकड्यासारखा मांडून. "मी उलटं गणित करून पडताळा घेतला आहे. तो कागद सुभेदारांकडे आहे."

आता तिघंही माझ्याकडे बघत होते.

"असा कागद माझ्याकडे नाही," मी म्हणालो.

एवढंच. पुढे मला काही बोलावं लागलं नाही. बाकीचं काम त्यांच्या आणि माझ्या आडनावांनी केलं. तसं होईल हे बोलण्याआधी मला ठाऊक होतं, म्हणूनच मी बोलू शकलो. "ठीक आहे, जा तुम्ही," मोठे सर म्हणाले. परीक्षकांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्या ओळीकडे पाहिलं आणि पान उलटलं.

मला पदवी मिळाली. शंभरकरांची नेमणूक त्या वर्षी पुढे वाढली नाही. त्यांच्या गोपनीय अहवालात 'गणनेत विश्वासार्ह नाही' असा शेरा पडल्याचं कार्यालयातून माझ्या कानावर आलं. त्यांनी भिवापूरच्या एका शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो, पण ते माझ्यासाठीच थांबले होते. सहाही गोटे त्यांनी पिशवीत भरले होते. टेबल पुसून घेतलेलं होतं. त्यांनी खिशातून घड्याळाची चावी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"सोमवारी द्या. विसरले तं बुधवारपर्यंत चालते, मंग सोडून देते."

"शंभरकर, मी..."

"कागद हाय नं जपून?"

मी मान हलवली.

"मंग ठीक," असं म्हणून ते पिशवी उचलून जिना उतरले. गोट्यांचा आवाज खालपर्यंत येत होता.

मी अधिव्याख्याता झालो, पुढे प्रपाठक झालो. घड्याळाला दर सोमवारी चावी देत राहिलो, पण लंबकाला एकदाच जोरात ढकलून. हळू ढकलून बघायचं धाडस मला कधी झालं नाही.

पंधराएक वर्षांनी विभागात कॉम्प्युटर नावाचं यंत्र आलं. एका दुपारी खोली रिकामी बघून मी माझी जुनी समीकरणं त्यात घातली आणि वेळेचं चिन्ह उलटं केलं. चहा पिऊन परत आलो तोवर आकडे छापून आले होते. शून्य पॉइंट सात एक दोन आठ. घरी जाऊन ट्रंक उघडली. शंभरकरांच्या कागदावर शेवटी होतं, शून्य पॉइंट सात एक दोन नऊ. यंत्रानं मला नवीन काही सांगितलं नाही. फक्त यापुढे 'मला खात्री नव्हती' असं म्हणायची सोय राहिली नाही. भिवापूर काही लांब नाही, एस.टी.नं दोन तास. तरी चार महिने मी गेलो नाही. मग एक दिवस विभागाच्या जुन्या चपराशानं सांगितलं की शंभरकर धंतोलीत एका दवाखान्यात आहेत, किडन्या गेल्यात, काही खरं दिसत नाही.

गुरुवारी मी गेलो. व्हरांड्यात यवतमाळ-गडचिरोलीकडून आलेले लोक वळकट्या घेऊन बसले होते. त्यांच्यातून वाट काढत वॉर्डात पोचलो. शंभरकर निम्मे झाले होते. उजव्या हाताला नळी लावलेली. शेजारी स्टुलावर त्यांच्या बायको, शांताबाई.

"या, सुभेदारजी," ते म्हणाले, जणू मी रोज येत होतो. "सर वं जराशी, सायबाले बसू दे."

मी शाळेचं विचारलं. "शाळेच्या बाजूले मिरच्या निवडाचा सातरा हाय," ते म्हणाले. "बाया दिवसभर देठं खुडतात, आन् इकडं माह्या वर्गात पोरं शिंकतात. शिंका मोजल्या का झाली हजेरी."

"इथंबी तेच," शांताबाई म्हणाल्या. "नर्सबाईनं ताप लिवला का हे म्हणते, पुन्हा लावा, खात्री करा. ती बाई आता यांच्या खाटेपाशी याले भेते."

मी पिशवीतून कागद काढला. त्यांनी चष्मा मागितला. कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, घड्यांवरून बोट फिरवलं. मी यंत्राचा आकडा सांगितला.

"शेवटच्या घरात एकाचा फरक?"

"हो. तो काही फरक नाही, शंभरकर."

"काहून नाही?"

ते वरपासून वाचायला लागले. डाव्या हाताचं बोट एकेका ओळीवरून उतरत होतं, ओठ हलत होते. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. बोट थांबलं.

"हे पाहा. वरच्या ओळीतून उतरवताना सहाचे सात झाले." त्यांनी माझं पेन मागितलं. डाव्या हातानं, सावकाश, सातावर एक रेघ मारली. वर सहा लिहिला. सही केली. शांताबाईंना तारीख विचारून सहीखाली तारीख टाकली. "ही चूक माही. ही लावा माह्या नावावर."

तेव्हा मी सगळं सांगितलं. मला तेव्हाच समजलं होतं. टीप मी घातली. कागद घरी ट्रंकेत असताना नाही म्हणालो. काहीही न वगळता सांगितलं आणि माफी मागितली. शांताबाई खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या.

शंभरकरांनी चष्मा काढून छातीवर ठेवला. "मले सांगून काय होते जी? मले तं त्या दिवसापासून माहीत हाय. हिलेबी माहीत हाय. ज्याले माहीत नाही त्याले सांगा."

"कुणाला सांगू? मोठे सर गेले. परीक्षकही आता नाहीत."

"पान तं हाय नं?"

माझ्या प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. शुक्रवारचा दिवस मी घरीच काढला. शनिवारी सकाळी गेलो. प्रत मागवून घेतली, ते पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं, तशी काउंटरवरच्या बाई उठून आल्या.

"सर, पुस्तकावर लिहिता येत नाही."

"हा प्रबंध माझाच आहे."

"तुमचा असला तरी आता ग्रंथालयाचा आहे."

"वाचा मग मी काय लिहितो ते," मी म्हणालो. टिपेवर एक रेघ मारली. वर लिहिलं: 'ओळ बरोबर आहे. गणना श्री. सुखदेव शंभरकर यांची. चूक माझ्या सिद्धांतात आहे आणि ती मला माहीत होती.' सही केली. बाईंनी खांद्यावरून वाचलं.

"सर, हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. शंभरकर डोळे मिटून पडले होते. मी झालं ते सांगितलं.

"एकच रेघ मारली?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"एकच."

"खालचं वाचता येते?"

"येतं."

"सही?"

"केली."

"तारीख?"

मी म्हणालो, "विसरलो."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मोठ्या खोलीत दाराशी उभं राहून पाहिलं होतं तसंच. ते थांबले होते.

मी विसरलो नव्हतो. सहीखाली पेन गेलं होतं आणि तिथे थांबलं होतं. तारीख नसली तर पुढे कधी कुणी ते पान उघडेल, त्याला वाटेल की या माणसानं आपली चूक लगेच दुरुस्त केली होती. सगळी वर्षं त्या कोऱ्या जागेत मावली असती.

"विसरलो नाही," मी म्हणालो. "टाकली नाही."

"हं," शंभरकर म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. "हे बरोबर." मग काही वेळानं, "उद्या बंद असन. सोमवारी टाका. आन् सोमवारचीच टाका. मागची नका टाकू."

निघताना शांताबाई दारापर्यंत आल्या. "पंधरा वर्षं हे म्हणत होते, कागद त्याच्यापाशी जपून हाय," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते, त्यानं चुलीत घातला असन." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. परत आत गेल्या.

सोमवारी ग्रंथालय उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. बाईंनी न विचारता प्रत काढून दिली. मी तारीख टाकली आणि शंभरकरांचा कागद त्या पानाला जोडला. तिथून विभागात गेलो. घड्याळ थांबवलं, चावी दिली आणि लंबकाला बोटानं अगदी हळू ढकलून हात मागे घेतला. लंबक काही वेळ हलला आणि थांबला. पुढे वरून पत्रं आली, खुलासा मागितला गेला, मी तो दिला. त्यातून माझं काय झालं याला या लेखात जागा नाही.

ते पान आणि त्याला जोडलेला कागद मिळून आता दोन सह्या आहेत. शंभरकरांच्या सहीखाली गुरुवारची तारीख आहे, माझ्या सहीखाली सोमवारची. शंभरकर रविवारी दुपारी गेले. त्यांचं जाणं आणि माझी तारीख यांत एका दिवसाचा फरक आहे. तो कधी कुणाच्या लक्षात आला, तर त्यानं तो गणनेतल्या चुकीमुळे आहे असं समजू नये.